उबो करा, आडवो करा

आरोंदा
६ नोव्हेंबर २०२५

आत्ये,

पत्र बघून छातीला हात लावू नको. सगळे जिवंत आहेत. आजी तर जरा जास्तच.

माझा फोन बाबांच्या कपाटात कुलपात आहे आणि तुझ्या आंबोलीतला टॉवर गणपतीपासून झोपलाय, म्हणून ही कागदावर पाळी आली. फोन का गेला ते तुझ्या कानावर आलंच असेल. नसेल तर माझ्याकडूनच ऐक, बाकीचे वाढवून सांगतील. सहामाहीच्या गणिताच्या पेपराला मी तोंडात खायचा सोडा टाकला, वर लिंबू पिळलं आणि बाकाखाली पडून हातपाय झाडले. फेस एकदम फर्स्टक्लास आला. सगळं नीट चाललं होतं, पण शिपाईकाकांनी नाकाला कांदा लावला आणि मला शिंक आली. फिट आलेलं माणूस शिंकत नाही म्हणे. आता मला काय ठाऊक!

बाबांची शिक्षा अशी: फोन बंद, आणि आत्येला पत्र लिहायचं, तेही शाळेच्या मराठीत. लिहीन. पण माणसं बोलली ती मालवणीतच लिहिणार, नाहीतर आपली आजी टीव्हीवरची बाई वाटेल.

आता खरी गोष्ट. तुझा लाडका भाचा, परश्या, पडला.

तुळशीच्या लग्नाला अंतरपाटाचं एक टोक त्याच्या हातात होतं, दुसरं माझ्या. भटजी वरच्या वाडीत अडकलेले, म्हणून मंगलाष्टकं बाबा, शेजारचे तात्या आणि सुतारकाका म्हणत होते. तुला माहीतच आहे ते तिघे. एकाने ‘सावधान’ लांबवलं की दुसरा त्याहून लांबवतो. शेवटी तुळस कंटाळली. परश्याने तर सकाळपासून काही खाल्लंच नव्हतं. लग्नानंतरच्या उसासाठी आणि चुरमुऱ्यांसाठी पोट रिकामं ठेवलं होतं, दहा वर्षांच्या माणसाचं डोकं!

सगळे तुळशीकडे बघत होते. मी एकटी परश्याच्या तोंडाकडे बघत होते, कारण मी त्याला वेडावत होते. तो हसलाच नाही. ओठ पांढरे, कपाळावर घाम. म्हणाला, “ताय, तुमचो आवाज लांबसून येता.” आणि अंतरपाट धरूनच हळूहळू खाली घसरला.

शहाणा माणूस म्हणेल, पडलाय तर पडू दे. पण आजी ओरडली, “लगीन लागता हा! अशा वक्ताक कोण आडवो पडता? अपशकून तो! उबो करा रे तेका!” मग चौघांनी बगलेत हात घालून त्याला उभा धरला, दोरीवर शर्ट घालतात तसा. मंगलाष्टक चालूच. आणि तेव्हा त्याचे हात टकटक उडायला लागले, डोळे वर गेले. आजी म्हणाली, “फेफरा!” झालं. एकाने हातात किल्ली दिली, एकाने नाकाला चप्पल लावली. चप्पल तात्यांची, थेट गोठ्यातून आलेली. तिच्या वासाने मढं उठून गावाबाहेर गेलं असतं. परश्याने डोळे उघडले आणि म्हणाला, “लगीन लागला? माझो ऊस खंय?”

त्या दिवसापासून त्याला झाड बंद, सायकल बंद, विहीर बंद, आणि खाडी बंद. आत्ये, १४ डिसेंबरला खाडी पोहायची शर्यत आहे. गेल्या वर्षी त्याच्या दोस्ताने, लिओनने, त्याला हातभर अंतराने हरवलं, तेव्हापासून हा रोज पाण्यात. बाबा म्हणतात, “मधीच फेफरा इलो तर?” परश्या रडत नाही गो. तो एरवी रडायचं सोडून जेवतो. आता जेवतही नाही.

तू नर्स आहेस. फेफरं की चक्कर, एका ओळीत लिहून पाठव. मी बाबांना दाखवते.

तुझी
सलोनी

(पाकिटाच्या मागे, दुसऱ्या अक्षरात)
पाकीट उघडा होता. म्हणजे मी उघडलंय म्हणान उघडा होता. चेडवान सगळा खरा लिवल्यान हा, माकाच नवाल वाटला.
— भाई, कंडक्टर, आरोंदा-सावंतवाडी गाडी


आंबोली
१० नोव्हेंबर

सलोनी,

तुझं पत्र आंबोलीच्या ड्रायव्हरने माशांच्या पिशवीबरोबर दिलं. त्याला बांगड्याचा वास आहे आणि भाईंची सही आहे. भाईंना सांग, पाकीट म्हणजे तिकीट नव्हे, प्रत्येक वेळी तपासायला.

आधी तुझा निकाल. गणितात नापास, फिटमध्येही नापास. तू डोळे गच्च मिटले होतेस म्हणे. खऱ्या फिटमध्ये डोळे बहुतेक वेळा उघडे असतात. शिवाय पडायच्या आधी तू पेपराची घडी घालून पट्टी कंपासात ठेवलीस. अगं, इतकी टापटीप तर मला शुद्धीत असताना जमत नाही.

आमच्याकडे सहावीतला एक मुलगा आहे, त्याला खरंच फिट येतात. रोज गोळ्या घेतो, शाळेत जातो, कबड्डीत पाय ओढतो, आईशी भांडतो. त्याच्यासमोर तुझं ते सोडालिंबू करून दाखवशील? नाही ना? संपला विषय.

आता परश्या. एका ओळीत मागितलंस, पण मी डॉक्टर नाही, आणि पत्राला नाडी नसते. तरी तू त्याला वेडावत होतीस हे फार बरं केलंस. पांढरा पडला, घाम आला, आवाज लांब गेले, हळू घसरला, आणि उठल्याउठल्या ऊस मागितला. हे सगळं चकरेकडे बोट दाखवतं. उपाशी पोट, गर्दी, उभं राहणं, यात डोक्याला रक्त कमी पडतं. शरीर हुशार असतं, ते स्वतःच आडवं होतं, म्हणजे रक्त डोक्याकडे जातं. तुम्ही चौघांनी काय केलंत? त्याला परत उभा केलात! घागरीच्या तळाला राहिलेलं पाणी तोंडाशी आणायचं तर घागर आडवी करावी लागते ना? उभी धरून नुसती हलवली तर काय मिळणार? तसं डोकं रक्ताविना राहिलं की हात थोडे उडतात. ते बघून कोणालाही फिट वाटते.

फिटचं बहुतेक वेगळं. माणूस एकदम ताठ होतो, मग सगळं अंग एका तालात झटके देतं, आणि ते लवकर थांबत नाही. ओठ निळे पडतात, कधी जीभ चावली जाते, कपडे ओले होतात. झोपेतसुद्धा येऊ शकते. आणि नंतर माणूस गोंधळलेला, गुंगीत. तो ऊस मागत नाही, त्याला स्वतःचं नाव आठवायला वेळ लागतो. पण याला काही शिक्कामोर्तब समजू नको. फसायला होतं, भल्याभल्यांना.

म्हणून दादाचं एक बरोबर आहे. डॉक्टर बघेपर्यंत पाण्यात नाही. रडला तरी नाही. आणि पोहताना किंवा धावताना असं कधी झालंय का ते त्याला विचार. तसं असेल तर हृदय तपासायला लगेच पळायचं.

तुला काम देते. त्या दिवशी कोणी काय पाहिलं ते एकेकाला वेगवेगळं विचार. पुन्हा झालं तर आडवा कर, पाय वर, भोवतीची गर्दी हाकल. झटके चालूच राहिले तर कुशीवर वळव, तोंडात काही घालायचं नाही, आणि पाच मिनिटांत थांबले नाहीत तर सरळ दवाखाना. किल्ली कपाटाला, चप्पल पायाला. आणि कोणाच्या तरी फोनवर व्हिडिओ घ्या. डॉक्टरांना व्हिडिओ म्हणजे सोनं.

आत्ये


आरोंदा
१६ नोव्हेंबर

आत्ये,

पत्र बाबांना वाचून दाखवलं. घागरीपर्यंत नीट ऐकलं. मग म्हणाले, “चकरेत झटके येतत खंय? अक्षया नर्स आसा, डॉक्टर नाय.” आजी म्हणाली, “माका शिकवता ती? तिका चालूक मी शिकवलंय!” तुझं वजन घरात एवढं आहे.

परश्याला विचारलं. पोहताना कधी नाही, धावताना कधी नाही. फक्त मागे शाळेत इंजेक्शन दिलं तेव्हा ‘आवाज लांब गेलो होतो’ म्हणाला.

मग साक्षी काढल्या. तात्या म्हणाले, “अर्धो तास झटके होते.” मी विचारलं, तात्या, तुम्ही मंगलाष्टक म्हणताना डोळे मिटता ना? “हो, तल्लीन जातंय मी.” मग झटके कसे बघितले? “आयकलंय.”

आजीच्या साक्षीत कुत्रा रडला, दिवे बारीक झाले आणि तुळस हलली. तुळस हलली हे खरं, सुतारकाका तिला टेकले होते.

आणि सुतारकाका म्हणाले, “तोंडातसून ह्यो फेस!” मी म्हणाले, काका, परश्याच्या तोंडात फेस नव्हताच. “होतो गो! सगळो गाव सांगता.” आत्ये, मला पहिल्यांदा कळेना. मग डोक्यात उजेड पडला. तो फेस माझा! गणिताच्या पेपरातला! गावाने माझा फेस उचलून परश्याच्या तोंडाला लावलाय. मी म्हणाले, तो माझा होता, सोड्याचा. तर म्हणतात, “तुझ्यार कोण विश्वास ठेवतलो?” म्हणजे खोटा फेस खरा, आणि खरं बोललं की मी खोटी.

मग राहिला व्हिडिओ. तू म्हणालीस सोनं. सोनं काय माडावरून पडत नाही, काढावं लागतं. इंजेक्शनाला घाबरतो, म्हणजे रक्ताला घाबरणार. म्हणून मी कोपरापासून मनगटापर्यंत कोकमाचं लालभडक आगळ चोपडलं, आईचा फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून चालू केला आणि “परश्याऽऽ मेलंय रेऽऽ” करत स्वयंपाकघरात शिरले.

परश्याने बघितलं. जवळ आला. बोट लावलं, चाटलं. म्हणाला, “मीठ कमी आसा.”

आजीने मात्र पूर्ण विश्वास ठेवला. आधी किंचाळली, मग वास घेतला, मग केरसुणी घेतली. फोन बरणीत पडला. व्हिडिओत आता छप्पर आहे, तेल आहे आणि आजीचा आवाज आहे. पाठवू का?

सलोनी

(मागे)
आगळात मीठ कमी आसला तर टिकाचा नाय. तुमच्या आयेक, सत्यवती काकीक सांगा.
— भाई


आंबोली
१९ नोव्हेंबर

सलोनी,

मी व्हिडिओ घे म्हटलं. घडवून आण म्हटलं नव्हतं! पुन्हा असलं काही केलंस तर त्या बरणीत पुढच्या वेळी तू.

ओरोसला मुलांच्या डॉक्टर आहेत, रोझालिना मॅडम. ४ डिसेंबर, गुरुवार, सकाळी. मी निरोप ठेवलाय. दादाला सांग. तोवर पोराला उपाशी ठेवू नका, पाणी भरपूर पाजा.

आत्ये

भाई, तुम्हीही वाचताच आहात, तर दादाला तुम्हीपण आठवण करा.


आरोंदा
२६ नोव्हेंबर

आत्ये,

पुन्हा झालं. या वेळी मी काही केलं नाही, आईशप्पथ.

परश्याचे केस वाढले म्हणून बाबांनी मला त्याच्याबरोबर फ्रान्सिस अंकलकडे पाठवलं. बोटीवर गोऱ्यांचे केस कापून आलेले, त्यांचं ते सलून. खुर्चीसुद्धा त्यांनी मुंबईहून आणलेली, गावात त्या खुर्चीला सरपंचाइतका मान आहे. आडवी फळी टाकून परश्याला वर बसवला, गळ्याला कापड. अर्धं डोकं झालं आणि कात्री कानाला लागली. एवढासा थेंब. पण समोर आरसा! परश्याने तो थेंब बघितला आणि म्हणाला, “अंकल, आरशात काळोख झालो.”

अंकलना वाटलं हलतोय. त्यांनी डोकं दोन्ही हातांनी गच्च धरलं. “हालू नको रे बाबा, कान जायत!” परश्या पांढराफटक, मान सोडलेली, आणि अंकल त्याला ताठ धरून. परत तेच, हात टकटक.

मी ओरडले, “आडवो करा तेका!” अंकल म्हणाले, “गो, अर्धे केस रवले हत, आडवो कसो करू?” मग मी खुर्चीखालचा दांडा ओढला. खुर्ची धाडकन मागे गेली, परश्या आडवा, पाय फळीवर. आत्ये, हात लगेच थांबले. लगेच! डोळे उघडून म्हणाला, “माझो कान आसा मां?”

म्हणजे तुझी घागर खरी निघाली. मी धावत घरी आले सांगायला. पण माझ्यामागून अंकल आले आणि त्यांनी काय सांगितलं? “निलेश, तुझ्या चेडवान माझी खुर्ची मोडल्यान!” बाबांनी विचारलं, झटके होते काय? “होते. पण खुर्ची बघ आधी!” झटके कसे थांबले ते कोणी विचारलंच नाही.

आता घरात निकाल लागलाय. दोनदा झटके म्हणजे फेफरं. बाबांनी शर्यतीतून त्याचं नाव काढायला सांगितलं. ओरोसला जाऊन काय उपयोग असंही म्हणतायत. आजीने ‘नशीब’ म्हटलं. आजीने नशीब म्हटलं की त्यापुढे कोणाचं चालत नाही.

परश्याने अर्ध्या कापलेल्या डोक्याने जाऊन आपला पाण्यातला चष्मा लिओनला दिला. लिओनने तो घेतला नाही. म्हणाला, “तू नसलंस तर मी कोणाक हरवू?” मग दोघं पायरीवर बसून राहिले. मला एकही चेष्टा सुचली नाही. मला, आत्ये!

काहीतरी कर.

सलोनी

(मागे)
मी काय लिवत नाय. बरा नाय वाटत.
— भाई


आंबोली
२९ नोव्हेंबर

दादा,

तू शर्यत बंद केलीस ते मी काही म्हणत नाही. मीही पाण्यात सोडला नसता. पण ओरोस बंद करू नको. फिट असेल तर गोळ्या सुरू व्हायला हव्यात, आणि चक्कर असेल तर नुसत्या भीतीने पोराला दोरी बांधून ठेवू नये. दोन्हीसाठी एकदा दाखवावंच लागेल.

आईला घरी ठेव. सलोनीला ने. ती खोटं बोलते हे मला मान्य. पण खोटं करायला आधी खरं नीट बघावं लागतं, आणि दोन्ही वेळा तिच्याइतकं नीट कोणी बघितलेलं नाही. डॉक्टरीण बाई पहिला प्रश्न हाच विचारतील, बघितलं कोणी?

परश्याचं उरलेलं अर्धं डोकं आधी कापून घे, नाहीतर बाई त्याचंच निदान करत बसतील.

अक्षया


आरोंदा
५ डिसेंबर

ती. आत्ये हिस परशुरामचा नमस्कार.

हे पत्र मी लिहितो कारण तायला काय झालं ते तायलाच माहीत नाही.

आम्ही ओरोसला गेलो. बाबा, ताय, मी. भाईकाका सुट्टी काढून आले. त्यांना गाडीत गप्प बसवत नव्हतं, म्हणून ते उगाच सगळ्यांना “फुडे सरा” सांगत होते.

डॉक्टरीण बाईंनी मला विचारलं, पडायच्या आधी तुला काय वाटतं? तर बाबा म्हणाले, तेका फेफरा येता. बाई म्हणाल्या, मी त्याला विचारलं. मग मी सांगितलं. आवाज लांब जातो, काळोख येतो. बाईंनी विचारलं, बघितलं कोणी? ताय म्हणाली मी. बाई म्हणाल्या, दाखव बघू. मग तायने दोनदा करून दाखवलं. एकदा तुळशीतलं, एकदा खुर्चीतलं. हात कसे उडाले, किती उडाले, मान कशी पडली. बाईंना एवढं आवडलं की त्यांनी बाहेरच्या सिस्टरला पण बोलावलं. एवढं चांगलं नाटक तिने गणितात केलं असतं तर पास झाली असती.

मग माझ्या छातीला चिकट्या लावून हृदयाचा कागद काढला. कागद बरा आला. निजून आणि उभं राहून दाब बघितला. बाई म्हणाल्या, ही साधी चक्कर दिसते. बाबा म्हणाले, “पण मॅडम, झटके?” बाई म्हणाल्या, उभं धरलं म्हणून. बाबांनी मान हलवली पण त्यांना पटलं नव्हतं. मला कळतं. घावणे छान झाले म्हणताना ते तशीच हलवतात.

मग रक्त घ्यायचं होतं. सिस्टरने मला निजवलं आणि पंख्याकडे बघ म्हणाली. मी पंख्याकडे बघितलं. ताय सुईकडे बघत होती.

ताय म्हणाली, “बाबा, तुमचो आवाज लांबसून येता.”

बाबा म्हणाले, “गप! हयसर तरी नाटका नको!”

ताय घसरली. बाबांना राग आला. त्यांनी तिला बगलेत धरून वर ओढली. “उबी रव! मॅडमच्या फुड्यात लाज काढतंस?” आणि तायचे हात उडायला लागले. टकटक. बाबा म्हणाले, “बघा मॅडम, कशी करता ती!”

बाई टेबलाच्या पलीकडून धावत आल्या. “खाली ठेवा! आधी खाली ठेवा तिला!” भाईकाकांनी तिचे दोन्ही पाय धरून खांद्यावर घेतले, गाडीच्या टपावर पोती चढवतात तसे. ताय लादीवर आडवी झाली आणि हात थांबले. बाईंनी तिचं मनगट धरलं. म्हणाल्या, नाटकात नाडी अशी मंद होत नाही. ओठ बघा तिचे.

बाबांनी बघितले. मग बाबांचेच ओठ तसे झाले. बाई म्हणाल्या, तुम्ही पण खाली बसा. बाबा लादीवर बसले आणि हळू म्हणाले, “म्हणजे मी उबी धरलंय म्हणान?” बाई म्हणाल्या, हो. त्यालाही तसंच.

ताय डोळे उघडून म्हणाली, “माझो वडो खंय?” बाबांनी सकाळी वडा कबूल केला होता. बाबा हसले आणि त्यांनी डोळे पुसले.

बाई म्हणाल्या, पोह. पण खाऊन, पाणी पिऊन, बाजूला होडी ठेवून. आवाज लांब गेला की लगेच हात वर करायचा आणि होडीत आडवं व्हायचं. आणि पोहताना किंवा झोपेत असं काही झालं तर त्याच दिवशी परत यायचं, लाजायचं नाही.

बाबांनी तिथूनच शर्यतवाल्यांना फोन केला.

ताय म्हणते तिला काहीच आठवत नाही आणि तिला फार वाईट वाटतं. म्हणते, आयुष्यात एकदा खरं केलंय आणि माकाच बघूक मिळाला नाय.

तुझा
परशुराम


आरोंदा
१४ डिसेंबर

आत्ये,

आधी शर्यत. परश्या दुसरा आला. हातभर अंतराने हरला, लिओनशीच. आणि याला कारण आजी.

बाजूला होडी पाहिजे म्हटल्यावर आजी म्हणाली मी बसतंय. भाई वल्हवायला, आजी पेजेचं पातेलं घेऊन. खाडीच्या मध्यावर परश्या पुढे होता, गो! शपथ! तर आजी उभी राहिली, “वायच पेज घी रे झिला, दोन घोट!” होडी डुलली, भाई ओरडले, “बसा काकी, नायतर तुमकाच आडवा करूचा लागात!” परश्या हसला आणि त्याच्या नाकात पाणी गेलं. तेवढ्यात लिओन पुढे. पण बाहेर आल्यावर दोघांनी एकमेकांना मिठी मारली आणि परश्याने पेजेचं पातेलं पुसून संपवलं. तो जेवतोय, आत्ये. एवढं तुला कळलं म्हणजे पुरे.

पण खरी गंमत बक्षिसाला झाली. सगळ्या पोरांना स्टेजवर रांगेत उभं केलं, ऊन डोक्यावर, आणि प्रमुख पाहुणे बोलायला उठले. त्यांनी पाण्याचं महत्त्व सांगितलं. मग जमिनीचं. मग त्यांचं स्वतःचं. मी खाली उभी राहून परश्याला वेडावत होते. परत तेच, तो हसेना. ओठ पांढरे. मी ओरडणार, तोच पहिल्या रांगेतून एक आवाज आला, खाडीपलीकडे ऐकू जाईल असा.

“आडवो पड रे!”

आजी! आपली आजी! आणि परश्या पडला नाही गो, शहाण्यासारखा निजला. स्टेजवर सरळ, पाय उचलून पाहुण्यांच्या रिकाम्या खुर्चीवर. लिओनने बघितलं आणि तोही शेजारी निजला, मित्राला एकटं कसं सोडायचं म्हणून. मग बाकीची पोरं. बघता बघता अख्खी रांग आडवी, बांगडे सुकत घातल्यासारखी, आणि सगळ्यांचे पाय वर. तात्या मदतीला म्हणून एकाला उचलायला गेले, तर आजीने काठी आडवी घातली. “उबो करशाल तर याद राखा! रगात डोक्याक जावंक होया! घागर माहीत आसा मां, घागर?”

पाहुण्यांना वाटलं हा निषेध आहे. त्यांनी भाषण तिथेच संपवलं. टाळ्या अशा पडल्या की पुढच्या वर्षीसुद्धा पोरांना निजवायचं ठरतंय. परश्या दोन मिनिटांत उठला आणि म्हणाला, “माझो कप खंय?”

एवढी सगळी निजलेली बघून मलाही राहवलं नाही. मीपण स्टेजखाली मातीत पाय वर करून पडले. डोळे उघडे ठेवले, तू सांगितलंस तसे. आजी आली. वाकून माझे ओठ बघितले, नाडी धरली. डॉक्टरीण बाईसारखी! मग कान धरला.

“त्येंका आडवे रवांदेत,” म्हणाली. “हिका उबी करा. हिचो उद्या गणिताचो फेरपेपर आसा.”

तर आत्ये, उद्या पेपर. सोडा आजीने कुठेतरी लपवलाय आणि घरातली झाडून सगळी लिंबं लोणच्यात गेलीत. आता गणितच करावं लागेल असं दिसतंय.

तुझी
सलोनी